कार्डाचा कोपरा

आमच्या सरांचा आवाज काढायचा तर नुसता घसा साफ करून भागत नाही, बोटं लागतात. एक जुनं चिरगूट घ्यायचं, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी धरायचे, मान जरा डावीकडे टाकायची आणि म्हणायचं, "ऐका." मग टर्र. हे टर्र नीट जमलं की पुढचे सर आपोआप तोंडात येतात. कर्जतातल्या बऱ्याच जणांचे आवाज मी काढतो. स्टेशनातला हमाल काढतो, भटजी काढतो, आमच्या बापाचा तर त्याच्यासमोर काढतो आणि मार खातो. पण चार पोरं जमली की मागणी एकच. "सर कर रं, सर."

सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. म्हणजे शाळेनं त्यासाठी ठेवले होते. ते शिकवायचे एक शब्द.

पहिल्या दिवशी वर्गात आले ते थांबलेच नाहीत. दारातून फळ्याशी, फळ्यापासून खिडकीशी, खिडकीतून बाहेर बघून मागच्या बाकाशी. आमच्या माना कोंबड्यांसारख्या त्यांच्या मागून फिरत होत्या. मागच्या बाकापाशी त्यांनी खिशातून मांजरपाटाची चिंधी काढली.

"ऐका."

टर्र.

"काय ऐकलंत?"

"फाटलं, सर," कुणीतरी म्हणालं.

"हे मराठीत झालं. इंग्रज काय म्हणेल?"

मी म्हणालो, "इंग्रज म्हणेल, दुसरं आणा."

वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण क्षणभर उभे राहिले. ते उभे राहिलेले मला त्या वर्षात फार कमी वेळा दिसले, म्हणून लक्षात आहे. "तू तोंडानं फाडतोस," म्हणाले. "बस खाली." आणि चालायला लागले.

तो शब्द होता 'टेअर'. आठवडाभर आम्ही त्याच्या पुढे गेलो नाही. पुस्तकात पहिला धडा कुठल्याशा प्रामाणिक लाकूडतोड्याचा होता, तो तसाच उभा राहिला कुऱ्हाड घेऊन. सरांचं म्हणणं असं, की शब्दाचा अर्थ पाठ करणं म्हणजे माणसाची टोपी बघून माणूस ओळखणं. "मूळ बघा, मूळ. कुठून फाटत आलंय ते बघा." हा शब्द झाला तेव्हा कागद कुठे होता? कापड तरी कुठे होतं? होतं ते जनावर. त्याचं कातडं सोलायचं, तो हा शब्द. ग्रीक लोकांत तर त्याचा भाऊ अजून कातडं सोलायलाच जातो म्हणे. आणि दुसरा भाऊ आपल्याकडे. तिकडे ट, इकडे द. तिकडे टू, इकडे दोन. तिकडे टेन, इकडे दहा. मग तिकडे टेअर, इकडे? असं विचारून सर खिडकीशी जाऊन उभे राहणार, बोट करणार घाटाकडे. "विदारण. विदीर्ण. आणि ती समोर बघा, दरी. डोंगर फाटला ती जागा. इंग्रज इथे आला, घाटात गाडी घातली, आणि त्याला पत्ता नाही की त्याचाच शब्द इथे आधी येऊन बसलाय."

खरंखोटं विद्वानांना माहीत. पण त्यानंतर पावसाळ्यात घाटात दरड आली आणि गाड्या अडकल्या, की आमचा अख्खा वर्ग एकमेकांकडे बघून "टेअर" म्हणायचा, आणि दुसऱ्या वर्गातल्या पोरांना काही कळायचं नाही. एवढं तरी इंग्रजी आम्हाला आलं.

दुसरा शब्द होता 'रिप'. तो सरांच्या मते वयानं लहान. बहुतेक समुद्रापलीकडून व्यापाऱ्यांच्या बोलीतून इंग्रजांकडे आलेला, आणि त्याचं काम शिवणीवर. टेअरमध्ये कापड जातं, रिपमध्ये कापड राहतं, दोरा जातो. हे आमच्या चेहऱ्यांवर उमटेना, तेव्हा सरांनी अंगातल्या कोटाची बाही खांद्याशी धरली आणि सर्रकन उसवली. बाही मनगटापर्यंत लोंबत आली. "बघा, कापड शाबूत," म्हणाले आणि ती लोंबती बाही घेऊन तास संपेपर्यंत फेऱ्या मारत राहिले. तिसरा शब्द 'रेंड'. तो मानाचा. माणूस दुःखानं अंगावरचं वस्त्र फाडतो, तिथे तो वापरायचा. तो काही सरांनी करून दाखवला नाही. आम्ही वाट बघत होतो.

ती बाही आत्यानं शिवली. लढाईचे दिवस, कापड कंट्रोलचं, दोऱ्याचीसुद्धा मारामार. काळा दोरा मिळेना म्हणून आत्यानं लाल दोऱ्यानं शिवली. काळ्या कोटावर खांद्याभोवती लाल टाके. सर तसेच शाळेत आले, कारण सरांकडे कोट एकच.

आत्या म्हणजे सरांची घरमालकीण. आमच्या घराशेजारीच तिचं घर, स्टेशनच्या अलीकडे. विधवा, मूलबाळ नाही, अंगात दमा आणि जिभेला विश्रांती नाही. साऱ्या आळीची ती आत्या. सर तिच्या मागच्या खोलीत राहायचे आणि तिच्याकडेच जेवायचे. जेवताना एक हात घासाला, दुसरा हात पत्रावळीला. अर्धं जेवण होईतो पत्रावळीची कडेकडेनं लोकरीसारखी पिंजण झालेली.

"जेवतोस की सोलतोस रे तिला?" आत्या म्हणायची.

"आत्या, पळसाचं पान शिरेला धरून वेगळं फाटतं आणि—"

"भात घे. शिरेचं मग सांग."

सर तिला अहोजाहो करायचे, ती सरांना अरेतुरे. शाळेतल्या हेडमास्तरांची जी टाप नव्हती ती आत्याची होती. बाजारातल्या कापडवाल्याला सर नकोसे झाले होते. तो गिऱ्हाइकाला कापड देताना कडेला कात्रीची खूण करून हातानं फाडायचा, सगळेच फाडतात, सरळ जातं. सर ते ऐकायला जायचे. बाहेर उभे. एकदा तो वैतागून म्हणाला, "मास्तर, घ्यायचं काय हाय?" सर म्हणाले, "घ्यायचं काही नाही. तुमचं लांबकापड आज खालच्या पट्टीत बोलतंय. माल बदललात का?" माल बदललेलाच होता. त्यानंतर त्यानं सरांना उलट आत बसायला बोलावलं, म्हणजे गिऱ्हाइकासमोर बाहेर काही बोलायला नकोत. सर काही बसले नाहीत.

बसणं हा प्रकारच त्यांना जमायचा नाही. खोपोलीची गाडी चुकली तर पुढच्या गाडीची वाट बघण्यापेक्षा रुळाच्या कडेनं पळसदरीपर्यंत चालत जायचे आणि तिथे गाडी गाठायचे, नाहीतर तीही चुकायची आणि पुढे चालत. आधीच्या शाळाही त्यांनी अशाच चालत सोडल्या होत्या. आत्याला ती धाकधूक होती. एकदा पोटदुखीचं सोंग घेऊन मी तिच्या ओटीवर पडलो होतो, तेव्हा मला म्हणाली, "हा एके दिवशी उठून जाईल बघ. याला कुठे गाठ मारलेलीच नाही."

मग त्या थंडीत तिचा दमा चांगलाच उसळला. खालापूरला तिचा भाऊ कचेरीत कारकून होता, त्याला सगळे भाऊच म्हणायचे. भाऊंनी आपली मुलगी मालू आत्याच्या शुश्रूषेला पाठवली. मालू सातवी पास, बोलायला थोडी, बघायला जास्त. आत्याच्या घरी आल्यावर दोन दिवस तिनं सरांचं नुसतं फिरणं बघितलं. ओटीवरून खोलीत, खोलीतून परसात, हातात पेरूचं पान, त्याच्या चिंध्या. तिसऱ्या दिवशी मोड आलेल्या वालांचं भांडं त्यांच्यासमोर ठेवलं. भिजवून मोड आणलेले वाल एकेक करून सोलायचे, तेव्हा बिरडं होतं, हे आमच्याकडे कुणाला सांगायला नको. घरच्या बायकांची बोटं मोडतात त्यानं.

"तुमचा तो शब्द सोलण्याचाच आहे ना?" मालू म्हणाली. "मग हे घ्या."

आणि सर बसले. मी स्वतः बघितलं. मांडी घालून, पाठ भिंतीला लावून, मान खाली घालून सगळे वाल सोलून होईपर्यंत सर बसले. आत्यानं आतून बाजेवरून बघितलं, खोकली, आणि तिला जे सुचायचं होतं ते सुचलं. गोत्रबित्र तिनं बघूनच ठेवलेलं असणार. मालू खालापूरला परत गेली आणि तिच्यामागून आत्याचा निरोप गेला. भाऊंचं उत्तर आलं, आमची ना नाही, पण मास्तरांनी स्वतः आपल्या हातानं लिहावं, उद्या शाळा सोडून निघून गेले तर आमच्या मुलीचं काय?

झालं. सरांच्या फेऱ्या दुप्पट. वर्गात तर खडूचासुद्धा भुगा. आत्या म्हणायची, "लिहिलंस का?" सर म्हणायचे, "शब्द बघतोय." "अरे, 'पसंत आहे' लिहायला कसले शब्द बघतोस?" शेवटी एका सकाळी सर कार्ड घेऊन पोस्टात जाऊन आले आणि आत्याला म्हणाले, "टाकलं."

आता पुढचं नीट कळायला एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढच्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. आमच्याकडे मयताचं पत्र लिहितात तेव्हा कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. हातात पडताच कळावं. असं कार्ड घरात नेत नाहीत. दारातच वाचायचं, तिथेच फाडायचं, आणि आंघोळ.

दोनतीन दिवस गेले. रविवार होता. उन्हं तापायला लागली होती, आत्याला जरा हुशारी वाटत होती म्हणून ती ओटीवर वाल सोलत बसली होती आणि मी तिला सर करून दाखवत होतो. सर मागच्या खोलीत होते, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, त्यामुळे मी हळू आवाजातले सर करत होतो. पोस्टाच्या खिडकीशी सर, असा नवाच प्रयोग. "पोस्टमास्तर, हा जो शिक्का आपण मारता, त्याचं मूळ..." आत्या हसून हसून खोकत होती आणि खोकता खोकता हसत होती. तेवढ्यात अंगणात रडण्याचा आवाज.

बघतो तर भाऊ, उघडेच, अंगावर नुसतं उपरणं. मागे त्यांची बायको, पदर तोंडाला. मागे मालू, केस ओलेच, न विंचरलेले. खालापूरहून बैलगाडीनं खोपोली आणि तिथून आगगाडीनं आले होते. भाऊंची बायको फाटकातच "वन्सं गं" करून खाली बसली, आणि वन्सं हातात वालाचा दाणा धरून तिच्याकडे बघत होत्या.

"कोण गेलं?" आत्या म्हणाली.

भाऊंनी बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, जणू मीच काही नक्कल करतोय.

"अगं, तू गेलीस," भाऊ म्हणाले.

"मी? कधी?"

हळूहळू उलगडा झाला. भाऊ कचेरीत असताना पोस्टमन आला होता. मालू विहिरीवर. कार्डाचा कोपरा फाटलेला. वहिनींनी लांबूनच विचारलं, कुठलं? तो म्हणाला, "कर्जतचं हाय, वैनी. वाचू का?" त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, आणि आत्याचा दमा बघता कर्जतहून कुठली बातमी येणार ते घरात सगळ्यांना ठाऊकच होतं. त्या म्हणाल्या, "आता वाचायचं काय राहिलंय?" आणि तिथेच फाडून मोरीच्या पाण्यात सोडलं.

चपलांचा आवाज थांबला होता. सर दारात उभे होते. सगळे त्यांच्याकडे वळले. सरांनी सवयीनं हात खिशात घातला, तिथे काय नव्हतं, तिकिटाचे तुकडे, पेरूची पानं, खडूच्या खोक्याचा पुठ्ठा. बोटांनी त्यातून एक तुकडा वर आणला. पोस्टकार्डाचा, तिकोनी.

सरांनी तो उलटासुलटा करून बघितला.

"पोस्टात उभा होतो," ते म्हणाले. "हातात होतं. कागदालासुद्धा आडवं-उभं असतं, तर ते नेमकं कुठून..."

"हे स्थळ नको," भाऊंची बायको उठून उभी राहिली. रडणं थांबलं होतं, आता राग आला होता. "पहिलं कार्ड आलं ते सुतकाचं. लग्नाआधीच आंघोळी झाल्या आमच्या. चला."

भाऊ उपरणं सावरून फाटकाकडे वळले, म्हणजे त्यांचंही तेच. सरांना हे दिसलं आणि ते बोलायला लागले. आणि काय बोलावं? ग्रीसपासून सुरुवात केली. की मुळात फाडण्यात अशुभ काही नाही, मुळात ते सोलणं आहे, आणि शोकाचा शब्द वेगळा आहे, तो रेंड, हे रेंड नव्हतं. ओटीवरून अंगणात, अंगणातून ओटीवर. हातातल्या त्या तिकोनी तुकड्याचे आणखी तुकडे. जितकं बोलत होते तितके भाऊ फाटकाच्या जवळ जात होते.

"गप," आत्या म्हणाली.

सर गप झाले. मग मालू आल्यापासून पहिल्यांदा बोलली.

"पण कार्डावर लिहिलं काय होतं?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. ते कुणी वाचलंच नव्हतं. भाऊंनी बायकोकडे बघितलं, तिनं मोरीच्या दिशेनं, म्हणजे खालापूरच्या दिशेनं, बघितलं.

सर मालूकडे बघत होते. एका शब्दावर आठवडाभर बोलणारा माणूस, आणि आता त्याला तोंड उघडता येईना. "ते, म्हणजे, मी त्यात असं..." माझ्या घशात सरांचा आवाज तयार होता. शपथेवर सांगतो, अगदी हुबेहूब. दोन शब्द टाकले असते की झालं असतं. मी आत्याकडे बघितलं. तिनं नुसती भुवई वर केली आणि मी आवाज गिळला. जन्मात गिळलेला तेवढाच.

मालू पुढे आली, आत्यापुढचं भांडं उचललं आणि ओटीच्या कडेला सरांसमोर ठेवलं. सर बसले. एक वाल घेतला, सोलला, दाणा बाजूला ठेवला. दुसरा घेतला.

"पसंत आहे," ते वालाला म्हणाले. मग मान वर करून, "मला. तुम्हाला असेल तर."

"एवढंच?" मालू म्हणाली.

"पत्त्याच्या बाजूला थोडं रिपविषयी होतं."

आधी आत्या हसली. मग भाऊ. भाऊंची बायको हसली नाही, "पण अपशकुन तो अपशकुनच," म्हणाली.

"कुणाचा?" आत्या म्हणाली. "सुतक कुणाचं होतं? माझं. मी बसलेय इथे. आणि जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली की आयुष्य वाढतं, हे तुझी सासू सांगायची की नाही? मग यानं माझं आयुष्य वाढवलं. मी म्हणते, शुभ." आणि खोकला आवरून सरांकडे वळली. "तू रे. मी खरी जाईन ना, तेव्हाचं कार्ड तूच लिहायचंस. कोपरा फाडायला तुझ्याइतका सराव तालुक्यात कुणाला नाही."

लग्न आत्याच्याच अंगणात झालं. कंट्रोलच्या दिवसांत जमेल तसं. सरांचा कोट तोच, लाल टाक्यांचा. अक्षता वाटल्या तर सरांनी त्यांचं काय केलं असतं कोण जाणे, म्हणून आत्यानं त्यांच्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, "हा फाडून दाखव."

सर शाळा सोडून गेले नाहीत. मी मॅट्रिक झालो, का झालो ते परीक्षकांना माहीत, आणि खोपोलीला विजेच्या कारखान्यात कारकून म्हणून लागलो. इथेही साहेबांचा आवाज काढतो. सरांची कार्डं यायची. माझं इंग्रजी सुधारावं म्हणून एकेक शब्द. कार्ड हातात पडलं की मी आधी कोपरे बघायचो, मग वाचायचो. चारही असायचे. मालूवहिनी टाकण्याआधी तपासतात, असं सरांनीच एकदा लिहिलं होतं.

परवाही कार्ड आलं. चारी कोपरे धड. मी चहा घेत होतो, तसाच खोलीत बसून एक घोट घेतला आणि वाचायला लागलो.

आत्या मंगळवारी पहाटे गेल्या. त्रास झाला नाही. त्यांनी सांगितलं होतं म्हणून मी लिहितो आहे. कोपऱ्याला तीनदा नख लावलं. जमलं नाही. तेवढं तू कर.

"कुणाचं रं?" माझ्या खोलीतला जोडीदार म्हणाला. "समदं खुशाल हाय ना?"

मी उठलो. चहा तसाच ठेवून कार्ड दारात नेलं. उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी धरले, मान जरा डावीकडे टाकली. "ऐका" म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण सरांचा आवाज आला नाही, माझाही आला नाही. मग नुसताच कोपरा फाडला.